एकाहत्तर किलो

सोमवारी सकाळी सात वाजता पुण्याहून अहवाल यायचा, आणि भोईट्यांच्या घरात तो दहावीच्या निकालासारखा उघडला जायचा. त्या सोमवारी हर्षदाने फोनवरचा आकडा पाहिला, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि पोह्यांसाठीची कोथिंबीर जरा जास्तच जोरात चिरायला घेतली.

"किती?" नवऱ्याने, नवनाथने, चहा गाळता गाळता विचारलं.

"एकोणचाळीस."

"आन् मागल्या सोमवारी?"

"सेहेचाळीस. त्याच्या आधी चोपन्न. त्याच्याही आधी एकसष्ट. पाढे म्हणून दाखवू का उलटे?"

नवनाथ गप्प बसला. एरवी तो गप्प बसणारा गडी नव्हता. फलटणच्या एका दूध डेअरीत शीतगृहाची यंत्रं त्याच्या ताब्यात होती, आणि बिघडलेल्या कॉम्प्रेसरशीसुद्धा तो गप्पा मारत काम करायचा. पण 'स्वतःचा वाटा' हा विषय निघाला की अलीकडे त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. काळजी करतो बिचारा, असं हर्षदाला वाटे. तिचं चुकत नव्हतं. फक्त काळजी माणसाला काय काय करायला लावते, हे तिला अजून कळायचं होतं.

आता हा 'स्वतःचा वाटा' म्हणजे काय ते सांगायला हवं. हर्षदाच्या अंगात गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत घट्ट बसणारा एक पोशाख असायचा. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. घरात सगळे त्याला टेकू म्हणत. स्नायू आकसण्याच्या आधी त्यात बारीकशी वीज खेळते. टेकूच्या कापडात विणलेल्या केसाएवढ्या तारा ती वीज वाचायच्या आणि बाईला उठायचं आहे, ती स्वतः किती जोर लावते आहे, हे ओळखायच्या. मग कापडातले कृत्रिम धागे आकसायचे आणि कमी पडणारा जोर भरून काढायचे. तेवढाच, गुंजभरही जास्त नाही. उठण्यासाठी लागलेल्या जोरात बाईचा किती आणि टेकूचा किती, याची आठवड्याची सरासरी पुण्याला जायची. हा वाटा दर आठवड्याला चढायला हवा होता. शंभरावर पोचला की टेकू काढून खुंटीला टांगायचा, असं ठरलं होतं. हर्षदाचा वाटा घसरगुंडीवर बसला होता.

आणि गंमत अशी, की तिला स्वतःला दिवसेंदिवस हलकं वाटत होतं. उठताना जोर असा लागतच नव्हता.

दहा मिनिटांत सबाचा फोन आला. सबा शिकलगार ही पुण्याच्या संस्थेतली फिजिओथेरपिस्ट, मूळची कोरेगावची. गोड बोलायची, पण कडू गोष्ट लपवायची नाही.

"हर्षदाताई, आकडा पाहिलात?"

"पाहिला. पण सबा, गेल्या आठवड्यातलं रक्त तर स्वच्छ आलंय ना?"

"रक्त मागून बोलतं, ताई. स्नायू आधी बोलतो. टेकूने आजवर बारा जणांचा आजार उलटताना पकडलाय, रक्तात दिसायच्या तीन-तीन आठवडे आधी. एकदाही चुकलेला नाही." मग ती कामाचं बोलली. "गुरुवारी या. राहायच्या तयारीने या. डॉक्टर दुसऱ्या फेरीचं म्हणतायत."

फोन स्पीकरवर होता. नवनाथने हातातला कप न पिताच खाली ठेवला.

दुसरी फेरी म्हणजे काय, ते त्या दोघांना कुणी समजावायची गरज नव्हती. हर्षदा एकेकाळी राज्याच्या खो-खो संघातून खेळलेली, आणि पुढे नवजवान क्रीडा मंडळाच्या मुलींना शिकवणारी. २०३८ सालच्या एका संध्याकाळी ती मुलींना दाखवायला म्हणून पाटीवर, खेळाडूंच्या रांगेत, बसली, मागून खो आला, आणि ती उठलीच नाही. मुली हसल्या, ताई मजा करतायत असं त्यांना वाटलं. नंतर एसटीची पायरी चढेना. मग वेणी घालायला हात वर जाईनात. कुणी कॅल्शियम कमी म्हणालं, कुणी वय झालं म्हणालं, शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आठ महिन्यांनी पुण्यात आजाराला नाव मिळालं. लाखात एखाद्याला होणारा हा मायोसायटिसचा प्रकार. गल्लीतल्या राखणीच्या कुत्र्यांनी घरच्याच माणसाला फाडायला धरावं, तशी शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर तुटून पडते. मांड्या आणि खांदे आधी जातात.

उपचार नवा होता. तिच्या रक्तातल्या काही पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांना शत्रूची नवी खूण शिकवली आणि परत शरीरात सोडलं. त्यांनी रोगप्रतिकारशक्तीतल्या, स्नायूंच्या मुळावर उठणाऱ्या सगळ्या 'बी' पेशींचा बंदोबस्त केला. मागून ज्या नव्या 'बी' पेशी जन्माला आल्या, त्यांना जुनं वैर माहीतच नव्हतं. आजार तिथेच थांबला. पण मधले चार महिने अंगात प्रतिकारच शिल्लक नव्हता. एका बंद खोलीत, काचेआड, मुखपट्टी लावून काढले ते. त्यातच न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. त्या नऊ दिवसांबद्दल नवनाथ आजही बोलत नाही.

"परत त्या खोलीत?" फोन ठेवल्यावर तो एवढंच म्हणाला.

"आजार उलटला असेल तर जावंच लागेल," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण पोहे तिने कढईत तसेच ठेवून दिले.

संध्याकाळी ती मैदानावर गेली. घरी बसून तो आकडा घोकत राहण्यात काय अर्थ होता? मुलींचा सराव रंगात आला होता. वेदिका नावाची एक चपळ पोरगी मागचीचा शब्द पुरता व्हायच्या आतच उसळत होती. हर्षदाने शिट्टी मारली.

"अर्ली गेटअप! वेदिका, खो मिळायच्या आधी उठलीस की फाउल. अंदाजाने उठायचं नाही, कानाने उठायचं. सरक, दाखवते."

टेकूच्या जोरावर ती आता पाटीवर बसू शकत होती. ती बसली, हात जमिनीला टेकवले, मान वळवली. मागून वेदिका धावत आली. "खो!"

हर्षदा उभी होती. मुलींनी एकच गलका केला.

"ताई, फाउल! तुम्हीच अर्ली गेटअप!"

सगळ्या खिदळत होत्या. हर्षदा हसली नाही. बावीस वर्षं पाटीवर काढलेल्या बाईला उठण्याचा क्षण मांडीत कळतो. तो घड्याळात बघावा लागत नाही. आत्ता तो क्षण तिला सापडलाच नव्हता.

"परत," ती म्हणाली आणि बसली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने ठरवलं, की खो आला तरी उठायचंच नाही. खो आला. उठायचं नाही असं बजावूनही जुन्या सवयीने मांडीत एक बारीकशी शिरशिरी आली, आणि तेवढ्यावर टेकूने तिला अलगद उचलून उभं केलं.

मी उठले नाही, मला उठवलं, असं तिच्या मनात आलं. ती मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तिने सबाला फोन लावला.

"सबा, तुमचा टेकू फाउल करतोय. मी जोर लावायच्या आधीच उचलतो मला."

"असं होणारच नाही, ताई. कमी पडेल तेवढाच जोर देतो तो. तुमचं वजन त्याला ठाऊक असतं, तुमचा जोर तो वाचतो, वजाबाकी करतो. साधं गणित आहे. थांबा, तुमची नोंद उघडते." थोडा वेळ टकटक ऐकू आली. "वजन एकाहत्तर..."

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं?" हर्षदा ताडकन म्हणाली. "अठ्ठावन्न आहे मी! लग्नात पंचावन्न होते."

पलीकडे पुन्हा टकटक झाली. मग सबा सावकाश वाचायला लागली. "पहिल्या सोमवारी अठ्ठावन्न. मग बासष्ट. मग सहासष्ट. मग एकाहत्तर. ताई, वजन, तुम्हाला सांभाळणाऱ्या माणसाने भरायचं असतं, म्हणजे तुमच्या यजमानांनी. एवढं वाढलं म्हणून आमच्याकडून फोनही गेला होता मागच्या आठवड्यात. ते म्हणाले, तूप जास्त खातेय."

हर्षदाने आयुष्यात कधी तुपाची धार भातावर नीट पडू दिली नव्हती.

घरी नवनाथ कणीक मळत होता. तिने सरळ आतून वजनकाटा आणला, स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला, टेकू उतरवला, भिंतीला धरून काट्यावर उभी राहिली.

"वाचा."

नवनाथने मान खाली घातली.

"मोठ्यानं वाचा."

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "अठ्ठावन्न पूर्णांक दोन."

"मग ही तेरा किलोची कोण बाई आणलीत तुम्ही घरात?"

दुसरी वेळ असती तर दोघंही हसली असती. नवनाथ हात तसेच पिठाने माखलेले घेऊन खाली बसला.

"मशीनला लोड जास्त सांगितला की मशीन जोर जास्त लावतं," तो म्हणाला. "आमच्याकडं बी तसंच हाय. म्हणलं, जरा मदत हुईल तुला."

"मदत?"

"तू उठताना तोंड बघितलंयस का तुझं? दात आवळतीस. मानेच्या शिरा तटतटत्यात. डोळ्यातनं पाणी येतं. मला बघवत न्हाई, हर्षा. दोन वर्सं उचललं मी तुला. सकाळी उचललं, न्हाणीत उचललं, रातच्याला कूस बदलली. तवा कधी असलं तोंड केलं न्हाईस तू."

"कारण तेव्हा मी काही करतच नव्हते!"

ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचा टीव्ही बंद झाला.

"तेव्हा तुम्ही उचलत होतात आणि मी पोत्यासारखी पडून होते. ते तोंड म्हणजेच माझं औषध होतं, कळतंय का? जेवढं ते वाकडं होतं तेवढा स्नायू भरतो. तुम्ही मला तीन आठवडे आयतं उचललंत. माझा वाटा पडला. पुण्याला वाटलं आजार उलटला. तुमच्या त्या तेरा किलोंनी मला परत त्या काचेच्या खोलीत ढकलत होतात तुम्ही!"

"सकाळी कळलं मला," नवनाथ म्हणाला. "फोन आला तवा. दिवसभर डेअरीत डोकं चालंना. म्हणलं, वजन गुपचूप खाली आणतो, गुरुवारपातूर आकडा वर यील. पण एकदम कमी केलं असतं तर तू पडली असतीस." आणि तो रडायला लागला. पिठाच्या हातांनी डोळेही पुसता येईनात त्याला.

हर्षदाला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. यंत्राला खोटं बोलता येत नसेल, पण त्याला खोटं सांगता येतं, आणि सांगणारा माणूस आपलाच असतो. हे तिला नीट पचवायचं होतं. तिने टेकू पुन्हा चढवला, नवनाथचा फोन मागून घेतला आणि त्यात अठ्ठावन्न भरले. मग जमिनीवर बसली आणि उठायला गेली. अर्ध्यातूनच दाणकन मागे आपटली.

नवनाथ धावला.

"हात लावाल तर बघा," ती म्हणाली. त्या रात्री चपात्या तिनेच लाटल्या.

गुरुवारी पुण्यात डॉक्टर वर्तकांनी सगळं ऐकून घेतलं. साठीच्या बाई, बोलणं मोजकं. त्यांनी नवनाथला एका शब्दाने दूषण दिलं नाही. त्याने सांगितलेलं सगळं त्याच्यासमोर लिहून घेतलं, आणि ते त्याला दूषणापेक्षा जास्त लागलं.

"आमचं यंत्र बारा वेळा बरोबर आलं, म्हणून आम्हीही वजनाची खात्री केली नाही," त्या म्हणाल्या. "ती चूक आमची. उद्यापासून काटा टेकूलाच जोडणार. पण हर्षदाताई, आजचा प्रश्न तसाच राहतो. चुकीच्या वजनामुळे वाटा पडला असेल. आजार उलटल्यामुळे पडला असेल. दोन्हीही असेल. गणित सुधारून पाहिलं. ते 'सांगता येत नाही' म्हणतंय."

"मग कसं सांगता येईल?"

"टेकू काढायचा. मांड्यांवर नुसत्या वाचणाऱ्या पट्ट्या लावायच्या. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि कुठेही हात न टेकता, तीस सेकंदांत उभं राहायचं. आजारलेल्या स्नायूची वीज तुटक असते, फुटक्या काचेसारखी दातेरी. रिकामा बसून सुस्तावलेल्या स्नायूची वीज क्षीण असते, पण तिचा आकार धड असतो. तुम्ही पूर्ण जोर लावलात तरच तो फरक दिसेल. उभ्या राहिलात आणि आकार धड दिसला, तर दुसरी फेरी नाही. नाहीतर आजच दाखल व्हायचं."

सबा हळूच मध्ये पडली. "मॅडम, तीन आठवडे यांच्या मांड्यांनी आयतं खाल्लंय. आठवडाभर सराव करून घेतला तर?"

"आठवडा देईन मी," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजार असेल, तर तो आठवडा आजाराचा. त्यात गेलेला स्नायू परत येत नाही. ठरवा तुम्ही."

सगळ्यांनी हर्षदाकडे पाहिलं. नवनाथ काहीतरी बोलणार होता. त्याने ओठ मिटले. गेले तीन दिवस घरात जे काही ठरत होतं, ते ती ठरवत होती.

सोमवार संध्याकाळपासून ती पंचेचाळीस वेळा जमिनीवरून उठली होती, खऱ्या वजनाच्या टेकूने, आणि एकोणतीस वेळा पडली होती. पडतानाही तिला एक गोष्ट नक्की कळत होती. आजारपणात मांडी हाक मारूनही ऐकायची नाही. आता ती ऐकत होती, फक्त आळसावल्यासारखी. हा फरक कुठल्याही पट्टीच्या आधी तिला माहीत होता.

"आज," ती म्हणाली. "आत्ता."

सतरंजी अंथरली. पट्ट्या लागल्या. टेकूशिवाय तिला स्वतःचं शरीर उघडं आणि जड वाटलं, आणि स्वतःचंही वाटलं. ती मांडी घालून बसली. भिंतीवरच्या पडद्यावर दोन हिरव्या रेषा सपाट धावत होत्या.

"सुरू," सबा म्हणाली.

हर्षदाने पाय जवळ घेतले, टाचा रोवल्या, पुढे झुकली आणि उचलली स्वतःला. पार्श्वभाग जमिनीपासून वीतभर सुटला, मांड्या थरथरल्या, आणि ती मागे बसली. धप्पकन.

नवनाथचं पाऊल पुढे पडलं.

"जागेवर!" मैदानावरचा आवाज होता तो. नवनाथच काय, डॉक्टर वर्तकही जागच्या जागी थांबल्या.

"अकरा झाले," सबा म्हणाली. "एकोणीस आहेत, ताई."

या वेळी तिने घाई केली नाही. छाती गुडघ्यांच्या पुढे नेली. तिथे भार तोलून धरला, एक श्वास घेतला, आणि मग दात आवळून वर ढकललं. मान तटतटली, डोळ्यांत पाणी आलं, तोंडातून म्हशीसारखा हुंकार निघाला. कुठल्याच कोनातून ते सुंदर नव्हतं. अर्ध्यावर ती अडकली, दोन सेकंद, तीन सेकंद. मग गुडघे सावकाश उघडले आणि हर्षदा भोईटे उभी राहिली. हलत होती, पण उभी होती.

"सव्वीस," सबा म्हणाली.

डॉक्टर पडद्यापाशी गेल्या. रेषा मागे नेल्या, मोठ्या केल्या, चष्मा काढून पुन्हा पाहिल्या.

"बारीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण धड आहे. सगळीकडे धड आहे. हा आळशी स्नायू आहे, आजारी नाही. दुसरी फेरी रद्द." आणि पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "सबा, खुर्ची दे त्यांना. बसू देत."

सबाने खुर्ची पुढे ओढली. हर्षदाने खुर्चीकडे पाहिलं, आणि हळूहळू पुन्हा सतरंजीवर मांडी घालून बसली.

"ताई? झालं की!"

"एकदा कुणीही उठतं," हर्षदा म्हणाली. "नशिबानंसुद्धा. दुसऱ्यांदाचं लिहून घ्या."

नवनाथचे हात सवयीने पुढे आले होते. त्याने ते मागे घेतले आणि दोन्ही काखांत घट्ट कोंबले. हर्षदाने टाचा रोवल्या. जोर लागला, तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, ओठ वाकडे झाले, घामाचा थेंब नाकावरून ओघळला. डोळ्यांतल्या पाण्यातून तिला समोर तो धूसर दिसत होता. तोही रडत होता, पण त्याने नजर खाली केली नाही. ती पुरती उभी राहीपर्यंत तो तिचं ते तोंड बघत राहिला.